विंडो बंद असताना ठेवायचा चेहरा

३० जून

आजपासून ट्रेडिंग विंडो बंद. म्हणजे तिमाहीचे निकाल जाहीर होईपर्यंत कंपनीच्या आतल्या कोणीही कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. ही नोटीस मीच लिहितो, मीच सही करतो, मीच स्टॉक एक्सचेंजला पाठवतो आणि मग मीच पाळतो. कंपनी सेक्रेटरी या पदाचं वजन बाहेरच्यांना कळत नाही. बायकोच्या मैत्रिणी अजून विचारतात, यांना टायपिंगचा स्पीड किती?

संकल्प: आजपासून डायरी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं स्पष्ट लिहायचं. स्पष्टपणा हा माझा मूळ स्वभाव. नोकरीत फारसा वापरायला मिळत नाही, एवढंच.

४ जुलै

सासरे आले होते. गेल्या वर्षी त्यांनी स्टेशनरीचं दुकान विकलं आणि निम्मे पैसे आमच्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. मी सल्ला दिला नव्हता. एका लग्नात चारचौघांत 'आमची कंपनी म्हणजे खडक' एवढंच म्हणालो होतो. उरलेले निम्मे बँकेत आहेत. दोन्ही मिळून तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलंय. सध्या राहतात ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेत. गेल्या थंडीपासून त्या खाली उतरलेल्याच नाहीत. भाजीवाल्याशी खिडकीतून घासाघीस करतात आणि पिशवी दोरीने वर ओढतात.

सासऱ्यांनी विचारलं, कंपनीचं कसं काय चाललंय? म्हटलं, विंडो बंद आहे, मला बोलता येणार नाही. त्यावर उलट खूशच झाले. अशी शिस्त असलेल्या कंपनीतच माणसाने पैसे ठेवावेत म्हणाले. आमच्या कंपनीने एक्सचेंजला कळवलेलं अक्षरन् अक्षर ते रोज सकाळी चहाबरोबर वाचतात. माझं लेखन इतक्या मनापासून वाचणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

९ जुलै, दुपारी

वाईट बातमी. साहेबांनी, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरांनी, केबिनमध्ये बोलावून एक पत्र दाखवलं. आम्ही वॉशिंग मशीनच्या मोटरी बनवतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त मोटरी एकच कंपनी घेते. तिने लिहिलंय की नव्या वर्षापासून मोटरी आम्ही आमच्या आम्हीच बनवणार. इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार मानलेत.

मी साहेबांना ठणकावून सांगितलं की हे ताबडतोब जाहीर केलंच पाहिजे. म्हणजे मनातल्या मनात ठणकावलं. तोंडातून 'जाहीर करण्याबाबत आपला काही विचार आहे का' असं बाहेर पडलं. साहेब म्हणाले, अजून बोलणी चालू आहेत, पेशंट टेबलावर असताना बाहेर येऊन नातेवाइकांना गेला म्हणून सांगतात का? मुद्दा बिनतोड वाटला. केबिनबाहेर आल्यावर लक्षात आलं की पेशंटनेच लिहून दिलंय मी चाललो म्हणून.

माझेही बरेच शेअर आहेत. पंधरा वर्षांत कंपनीने कर्मचारी म्हणून दिलेले. ते विकता येणार नाहीत, कारण मला पत्र माहीत आहे. सासऱ्यांना सांगता येणार नाही, कारण मला पत्र माहीत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

संकल्प: सोमवारी साहेबांशी स्पष्ट बोलायचं.

१३ जुलै

सोमवार. साहेब बाहेरगावी.

१७ जुलै

साहेब आले. मूड चांगला होता. चांगला मूड घालवणं बरं दिसलं नाही.

२२ जुलै

सासरे जेवायला येणार म्हणून सकाळी बाथरूमच्या आरशासमोर सराव केला. चेहऱ्यावरून आनंद दिसता कामा नये, दुःखही दिसता कामा नये. एक्सचेंजला पाठवलेल्या पत्रासारखा चेहरा पाहिजे. वीसेक मिनिटांत जमला. बायकोने दार वाजवून विचारलं, पोट साफ होत नाहीये का?

जेवताना सासऱ्यांनी दोनदा कंपनीचा विषय काढला. दोन्ही वेळा मी भात कालवत राहिलो. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मी इतका अभेद्य असू शकतो याचं मलाच कौतुक वाटलं.

२४ जुलै

सासऱ्यांनी आणखी शेअर घेतले! बँकेतल्या निम्म्यातून थोडे काढून. बायकोने सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की जावईबापू एरवी फुटाण्यासारखे तडतडत असतात, परवा एकदम गप्प होते, म्हणजे आत काहीतरी मोठं शिजतंय.

नियम काढून वाचला. माझ्याशी सल्लामसलत करून व्यवहार करणारा जवळचा नातेवाईकही माझ्यासारखाच बांधलेला असतो. पण सासरे सल्ला विचारत नाहीत, नुसते बघतात. बघण्याबद्दल नियमात काही नाही. दोनदा वाचून खात्री केली. शांत वाटलं.

संकल्प: पुढच्या वेळी थोडं बोलायचं. हवापाण्याबद्दल.

१२ ऑगस्ट

तिमाहीचे निकाल जाहीर. उत्तम. गिऱ्हाईक जाणार नव्या वर्षी, तोवर मोटरी जातायत ना! साहेबांनी पत्रकारांपुढे 'भविष्य उज्ज्वल' असं म्हटलं. मी शेजारीच बसलो होतो, तोच चेहरा लावून.

निकालानंतर दोन दिवसांनी विंडो उघडते. पण पत्र अजून कपाटात आहे. विंडो उघडली आणि पत्र माहीत असलेल्या एखाद्याने शेअर विकले तर सगळेच अडकू. साहेबांना विचारलं, काय करू? म्हणाले, तुमचं खातं, तुम्ही बघा. मग मी आयुष्यातला सर्वात सचोटीचा निर्णय घेतला. 'पुढील सूचनेपर्यंत विंडो बंदच राहील' अशी नोटीस काढून एक्सचेंजला पाठवली. माहिती कोणालाच दिली नाही आणि नियमही मोडला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ ऑगस्ट

नोटीस लोकांनी वाचली. निकाल लागूनही विंडो उघडत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी घबाड आहे! कोणी म्हणतं परदेशी कंपनी आम्हाला विकत घेतेय, कोणी म्हणतं एकावर एक शेअर फुकट. भाव सकाळीच अप्पर सर्किटला, म्हणजे एका दिवसात जेवढा चढू देतात तेवढा चढून बसला.

१७ ऑगस्ट

एक्सचेंजने पत्र पाठवून विचारलं, तुमचा भाव का चढतोय? मी तासभर विचार करून ठरलेलं उत्तर दिलं: 'जाहीर करण्याजोगी सर्व माहिती कंपनीने वेळोवेळी जाहीर केली आहे.' दुपारी भाव पुन्हा वर. का, तर बघा, त्यांनी नाकारलं नाही.

भाव चढला की एक्सचेंज विचारतं, मी उत्तर देतो, उत्तर वाचून भाव चढतो. काही लिहिलं तरी चढतो आणि काही लिहिलं नाही तरी चढतो. साहेब म्हणाले, बघा, तुम्ही उगाच जाहीर करायच्या मागे लागला होतात. एका मासिकाने त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो छापलाय.

२३ ऑगस्ट

सासऱ्यांचे शेअर सध्याच्या भावाने विकले तर तळमजल्याचं घर येईल आणि वर पैसेही उरतील. दलालाने एक दाखवलंसुद्धा. दोन खोल्या, दारात एकही पायरी नाही, बाहेर बाक. सासूबाईंनी फोनवर बघितलं. त्या विचारत होत्या, बाकावर सकाळी ऊन येतं का?

सासऱ्यांनी बायकोमार्फत निरोप पाठवला: विकू की थांबू, एवढंच सांगा. बायको माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. विका म्हटलं तर गुन्हा, थांबा म्हटलं तर खोटं. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हणालो, कुठल्याच भागधारकाला मला काही सांगता येणार नाही. ती म्हणाली, अरे माझे आईवडील आहेत ते, भागधारक काय म्हणतोस! मी म्हणालो, कायद्यापुढे सगळे भागधारक सारखे.

वाक्य चांगलं होतं. पण नंतर घास गिळवेना. नुसती मान हलवायची होती.

२६ ऑगस्ट

सासरे जेवायला. या खेपेला मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून जेवलो. मान दुखते म्हणून सांगितलं. हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोललो.

२७ ऑगस्ट

सासरे म्हणाले, थांबतो. भिंतीकडे बघून जेवायची वेळ आली माणसावर, म्हणजे बातमी केवढी असेल!

२ सप्टेंबर

भागधारक बाईंचा ईमेल. या निवृत्त मुख्याध्यापिका. शेअर फक्त दहा, पण दरवर्षी वार्षिक अहवाल लाल पेनाने तपासून पाठवतात. मागे एकदा माझ्या 'च' आणि 'ही' वरून झापलं होतं. यंदा प्रश्न सात. पहिले सहा किरकोळ. सातवा असा: गेल्या वर्षीच्या अहवालात 'आमचा सर्वात मोठा ग्राहक' असा उल्लेख चार ठिकाणी आहे. यंदा चारही ठिकाणी 'आमचे मान्यवर ग्राहक' आहे. सर्वात मोठा कुठे गेला?

ते शब्द मीच बदलले होते. जुलैमध्ये, एकट्याने, कोणाला न सांगता. पुढे कोणी म्हणायला नको की तुम्ही खोटं छापलंत. दीडशे पानांत चार शब्द. एवढ्या बारकाईने कोण वाचतं हो?

उत्तर पाठवलं: वार्षिक सभेत आपल्या प्रश्नाची दखल घेतली जाईल.

संकल्प: सभेपूर्वी साहेबांशी शेवटचं आणि निर्वाणीचं बोलायचं.

१० सप्टेंबर

बोललो. साहेब म्हणाले, राजीनामा द्यायचाय का? तसं काही नव्हतं. म्हटलं, नाही, सहजच.

१८ सप्टेंबर

वार्षिक सभा. हॉलमध्ये पहिल्या दोन रांगा आमच्याच कर्मचाऱ्यांच्या, टाळ्यांसाठी. बाई पाचव्या रांगेत होत्या. माइक हातात आल्यावर त्यांनी दोन्ही वर्षांचे अहवाल उघडून चारही जागा वाचून दाखवल्या. गेल्या वर्षी हे, यंदा हे. मग विचारलं, तो ग्राहक अजून आहे का? हो की नाही?

साहेबांनी माइक माझ्यापुढे सरकवला.

मी म्हणालो, ग्राहकांचं वर्गीकरण ही एक गतिमान प्रक्रिया असून कंपनी प्रत्येक ग्राहकाला समान आदराने पाहते. पहिल्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, उत्तर चुकलंय असं मी म्हणत नाही, पेपर कोरा आहे. आणि बसल्या.

एकंदरीत मी बाजी मारली असं वाटतं. साहेब गाडीत बसताना माझ्याकडे बघून हसले नाहीत, पण ते घाईत होते.

२१ सप्टेंबर

कोणीतरी दोन्ही अहवालांची पानं शेजारीशेजारी ठेवून फोटो टाकला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. भाव खाली. एक्सचेंजचं पत्र: का पडतोय? मी ठरलेलं वाक्य लिहायला घेतलं आणि हात थबकला. तेच वाक्य चढताना लिहिलं होतं.

२४ सप्टेंबर

आणखी खाली. एक्सचेंजचं दुसरं पत्र. या वेळी 'सदर ग्राहकाविषयी' असे शब्द.

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, करून टाका जाहीर, पण लोक घाबरता कामा नयेत असं लिहा, तुमची भाषा चांगली आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे कबूल केलं.

२५ सप्टेंबर, संध्याकाळी

झालं! सुटलो! बाजार बंद झाल्यावर खुलासा पाठवला. अकरा मसुदे केले. मथळा: 'ग्राहक-वैविध्याच्या नव्या पर्वाचा शुभारंभ'. पहिल्या परिच्छेदात कंपनीची परंपरा, दुसऱ्यात नवी मशिनरी, तिसऱ्यात कर्मचाऱ्यांची निष्ठा. चौथ्यात, मध्यभागी, एक विद्यमान ग्राहक आपली मोटरींची गरज अंतर्गत स्रोतांतून भागवण्याची शक्यता असल्याचा उल्लेख. पाचव्यात पुन्हा आशा. खोटं एकही अक्षर नाही. बाईंनी लाल पेन घेऊन बसावं!

आता माहिती जगजाहीर आहे, म्हणजे मला सगळ्यांशी बोलता येईल. अठ्ठेचाळीस तासांनी विंडोही उघडेल. जुलैपासूनचा दगड छातीवरून उतरला.

बायको म्हणाली, लगेच बाबांना फोन कर आणि सरळ सांग. मी म्हणालो, ते वाचतीलच, रोज वाचतात. शिवाय अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. सोमवारी संध्याकाळी निवांत जाऊन नीट समजावतो. ती म्हणाली, मीच करते. मी म्हणालो, तुला त्यातलं तांत्रिक कळणार नाही, उगाच घाबरवशील म्हातारपणी. तिने फोन ठेवून दिला. इतक्या महिन्यांनी आज मी पोटभर जेवलो.

२७ सप्टेंबर

रविवार. सासऱ्यांचा फोन आला होता. मी आंघोळीला होतो. म्हणजे फोन आला म्हणून गेलो. बायकोही बाहेर गेली होती. सोमवार ठरलाय ना, मग सोमवारीच.

२८ सप्टेंबर, दुपारी चार वाजता

विंडो उघडली. माझे शेअर विकण्यासाठी मी अर्ज केला. अर्ज कंपनी सेक्रेटरीकडे येतो, म्हणजे माझ्याकडे. तपासला, योग्य वाटला, मंजूर केला.

बाजार उघडला तोच लोअर सर्किटला. पडायचा तेवढा पडून बसलेला. विकणाऱ्यांची ही रांग, घेणारं चिटपाखरू नाही. आणि तरीही माझे सगळे शेअर गेले! रांगेत मी पहिल्या काही जणांत होतो, आणि उघडल्या उघडल्या कोणीतरी भलामोठा घास घेतला. त्यानंतर दिवसभरात जवळजवळ काहीच घेतलं गेलं नाही. कंपनीतले फायनान्सवाले अजून रांगेत लटकलेत, मी सुटलो. भाव कमी मिळाला, पण मिळाला.

कोण असेल तो? लाखात एखादा तरी निघाला की नाही, ज्याला माझा खुलासा वाचून धीर आला! शब्दांत ताकद असते. धन्य तो माणूस.

संध्याकाळी सासऱ्यांकडे जायचं आहे. सगळं सावकाश सांगेन.

२८ सप्टेंबर, रात्री आठ वाजता

सासऱ्यांनीच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, आता तुम्हाला कसं कळवू असं झालं होतं, तुम्ही फोनच घेत नव्हता. खुलासा त्यांनी शनिवारी सकाळी दोनदा वाचला. नवं पर्व, शुभारंभ. तुमचीच भाषा, लगेच ओळखली म्हणाले. लोक मूर्खासारखे विकतायत, त्यांना वाचायचा आळस. पुढे म्हणाले, मी आज सकाळी बाजार उघडायच्या आत ब्रोकरला फोन करून बँकेतले उरलेले सगळे लावले. पहिल्या झटक्यात मिळाले.

मी पाणी मागितलं.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. म्हणाल्या, मला ते वाचून दाखवा, यांनी नुसतंच सांगितलं, माझा चष्मा सापडत नाहीये. सासऱ्यांनी छापलेला कागद माझ्या हातात दिला. मी वाचायला लागलो. परंपरा वाचली, मशिनरी वाचली, निष्ठा वाचली. चौथ्या परिच्छेदाशी पाण्याचा पेला उचलला. त्या म्हणाल्या, थांबलात का? मग तोही वाचला. त्यांनी एकदा परत वाचायला लावला. म्हणाल्या, म्हणजे मोठं गिऱ्हाईक गेलं, असंच ना?

मी म्हणालो, शक्यता आहे. मग म्हणालो, हो.

कधी कळलं, असं सासऱ्यांनी विचारलं. जुलैत, असं सांगितलं. का बोलता येत नव्हतं ते मी समजावून सांगत होतो. नियम, विंडो, साहेब. शुक्रवारपासून बोलता येत होतं, हे सासूबाईंनीच मध्ये म्हटलं, आवाज न चढवता. कागदावरची तारीख मीच वाचून दाखवली होती.

सासऱ्यांनी समोरच दलालाला फोन लावला. ते घर आम्हाला घेता येणार नाही, पैसे बुडाले, तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघा. एवढं बोलून फोन ठेवला. मग मला म्हणाले, तुमचेही शेअर आहेत ना हो, तुमचंही फार नुकसान झालं असेल. मी कागदाची घडी घातली. ते म्हणाले, होईल सगळं ठीक, जिना सांभाळून उतरा, मधला दिवा गेलाय.

तिन्ही मजले उतरून घरी आलो.

माझी विक्री पूर्णपणे नियमानुसार आहे. अर्ज, मंजुरी, सगळं फाइलला आहे. फक्त दोन दिवसांत ती एक्सचेंजला कळवावी लागते. नाव, हुद्दा, तारीख, किती शेअर विकले. ठरलेला फॉर्म आहे, शब्दांना जागा नाही. बुधवारी संध्याकाळी तो साइटवर दिसेल. सासरे गुरुवारी सकाळी चहा घेताना वाचतील.